पाकिटावरची तारीख

मुलानं ज्ञातीबाहेर लग्न केलं म्हणून बडोद्यातल्या ज्ञातिमंडळानं तुमचं सभासदत्व रद्द केलं, आणि आता मुलीच्या लग्नाला मंडळाची वाडी, म्हणजे लग्नाचा हॉलही नाकारला. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली तक्रार करू का, असं तुम्ही विचारता. असं पत्र मला वरचेवर येतं. 2016 चा तो कायदा महाराष्ट्रापुरता आहे, गुजरातेत लागू नाही. सयाजीरावांनी 1933 सालीच ज्ञातीच्या जाचाविरुद्ध कायदा केला तो याच बडोद्यात, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं.

सभासदत्व रद्द केल्याचं पत्र ज्यातून आलं, त्या एका पाकिटावर तुमचं सगळं प्रकरण अडलंय. त्याच्या फोटोत तुमच्याच अक्षरात निळ्या पेनानं लिहिलेलं दिसतं, ‘मिळालं 11-11-2023’. सभासदत्व रद्द करण्याचा ठराव बेकायदा ठरवून मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 58 प्रमाणे तीन वर्षं मिळतात, आणि ती दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून. वाडीचा नकार यंदाचा असला तरी मोजणी त्या पत्रापासूनच होईल, असं धरून चाला. मधल्या काळात अध्यक्षांना पाच विनंतीअर्ज दिलेत, त्यांनी मुदत एका दिवसानंही वाढत नाही. ‘मोठी माणसं समजून घेतील’ म्हणून तुम्ही इतके दिवस घालवलेत, त्याचा मला खरंच राग आला. म्हणजे मुदत 11 नोव्हेंबर 2026 ला संपते, आणि तो दिवस दिवाळीच्या सुट्टीत येतो. कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करायची सवलत असते, पण तिच्या भरवशावर बसू नका. नवरात्राआधी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात दावा दाखल झालाच पाहिजे.

‘जातीबाहेर टाकलं’ हे पुढे करू नका. निव्वळ ज्ञातीच्या प्रश्नात कोर्ट सहसा पडत नाही. मंडळ हा नोंदणीकृत ट्रस्ट, तुम्ही त्याचे सभासद, तुम्हाला नोटीस नाही, बाजू मांडू दिली नाही, यावर भर द्या. चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसातून ट्रस्टच्या घटनेची नक्कल लगेच मागवा. सभासद काढण्याचं कलम वाचल्याशिवाय, आणि बदनामीची फिर्याद टिकेल का याबद्दलही, मी ठाम काही सांगणार नाही.

वाडीसाठी तातडीचा हुकूम मागता येईल, पण तारखांवर तारखा पडतात, तेव्हा दुसरा हॉल आजच धरून ठेवा. दाव्यात सुनेचा उल्लेख येणारच. मसुदा कोर्टात देण्याआधी तिला वाचायला द्या.