कुठली पिशवी?

"पिशवी काढली की थांबतंय न्हवं, तेवढं सांगा बाई. म्हणजे पोराला पैशाचं सांगायला बरं."

खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या एका गावातून आलेल्या या काकी. नाव-गाव सांगत नाही. वय 52, तीन बाळंतपणं, तिन्ही घरीच. बेळगावात बायकांच्या ओपीडीला लागून माझी समुपदेशनाची खोली आहे. तिथं त्या पाठदुखीचं सांगायला म्हणून आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. नीट बसा म्हटलं तर म्हणाल्या, "नको, ओलं होतंय." खरं दुखणं असं खुर्चीवरून निघालं.

लघवी सुटायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. आधी खोकला, शिंक, भरलेली घागर उचलणं, एवढ्यापुरतं होतं. गेल्या वर्षापासून लघवी लागली की धरवतच नव्हती. परसातल्या संडासाची कडी काढेपर्यंत साडी भिजलेली. शेजारणीनं सांगितलं, पिशवी सैल झाली असणार, काढून टाक.

हा प्रश्न मला महिन्याला दोन-चार जणी तरी विचारतात, आणि घोळ शब्दातच आहे. गर्भाचीही पिशवी आणि लघवीचीही पिशवी. कन्नडात 'चील' म्हटलं तरी तीच गत. काकींचं कन्नड बाजारापुरतं, तपासणाऱ्या डॉक्टरबाई धारवाडकडच्या. आधीच्या एका ठिकाणी कुणी काय ऐकलं आणि काय सांगितलं, कोण जाणे. मी कागदावर दोन पिशव्या काढल्या. पुढं लघवीची, मागं गर्भाची. खाली दोन्हींना तोलून धरणारी मांसाची झोळी. "तुमची गळती या मागच्या, गर्भाच्या पिशवीतून होतच नाही," म्हटलं. "लघवीचं तोंड आवळून धरणारी ही खालची झोळी ढिली झाली आहे." गर्भपिशवी काढून ती घट्ट होत नाही. उलट काही जणींची गळती त्या ऑपरेशननंतर वाढते. अंग (म्हणजे गर्भपिशवी खाली सरकून) बाहेर येत असेल, रक्तस्राव असेल, तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. पण निव्वळ लघवी सुटते म्हणून धडधाकट गर्भपिशवी काढायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका. हे मी प्रत्येकीला अगदी हात धरून सांगते.

झोळी ढिली का होते? बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुनाट बद्धकोष्ठ, वर्षानुवर्षं उचललेली ओझी. काकींच्या बाबतीत चुलीच्या धुराचा खोकलाही होता. दर खोकल्याला त्या झोळीवर वरून धक्का. आणि लागली की धरवत नाही, ते दुखणं जरा वेगळं. तिथं लघवीची पिशवी पुरती भरायच्या आतच आवळायला लागते. बऱ्याच जणींना दोन्ही एकदम असतं, तसं काकींना होतं.

वर्षातले बरे दिवस कुठले, असं मी विचारलं. "रोपलावणीचे," त्या लगेच म्हणाल्या. "पावसात सगळ्याच भिजल्याल्या असतात. कुणाला काय कळतंय?"

खानापूरच्या पावसात दिवसभर वाकून चिखलात उभं राहणं, हे त्यांना बरं वाटत होतं! बाकीचं वर्ष त्यांनी स्वतःला घरात कोंडलं होतं. देवळातल्या हरिपाठाला जायच्या, ते सोडलं. जमखाना सगळ्यांचा, डाग पडला तर? देव्हाऱ्याला हात लावणं सोडलं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, जावा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर दोनदा जाऊन आल्या. "मी कुठं जातो," म्हणाल्या (आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात). "मधी गाडी थांबवा म्हणून कंडक्टरला किती वेळा सांगू?"

आणि पाणी तोडलं होतं. दिवसाला जेमतेम चार पेले, चहा मात्र पाच वेळा. जवळजवळ प्रत्येक बाई हेच करते, आणि यानेच दुखणं चिघळतं. लघवी दाट होते, पिशवीला झोंबते, ती आणखी लवकर आवळते. पोट साफ होत नाही, कुंथावं लागतं, झोळीवर पुन्हा ताण. वर जंतुसंसर्गाला आमंत्रण. काकींच्या लघवीच्या तपासणीत संसर्ग निघालाच. साखर ठीक होती. अंग थोडं खाली आलं होतं, पण ऑपरेशन करण्याइतकं नाही, असं डॉक्टरबाईंनी पाहून सांगितलं. ही तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. लघवीतून रक्त जात असेल, ताप किंवा जळजळ असेल, पायांत एकाएकी बधिरपणा आला असेल, लघवी अडत असेल, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर दिवसरात्र सारखी ठिबकत असेल, तर व्यायाम करत घरी थांबू नये.

तीन दिवसांची नोंद ठेवा म्हटलं, तर काकींना लिहिता येत नव्हतं. मग डब्यात चिंचोके. लघवीला गेलं की एक चिंचोका, सुटली की एक शेंगदाणा. तीन दिवसांनी डबा आला: दिवसाला सरासरी 13 चिंचोके, चार शेंगदाणे. साधारण सात-आठ वेळा जाणं नेहमीचं धरतात.

व्यायाम शिकवायला वेळ लागतो, तो द्यायलाच हवा. चारचौघांत वारा सरणार असेल तर आपण जे आवळून धरतो, ते आवळायचं, आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. जमेल तसं दहापर्यंत न्यायचं. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा. आधी आडवं पडून, मग बसून, मग उभ्यानं. लघवी करता करता मधेच अडवून हा व्यायाम करू नये. आणि शिंक येतेय असं वाटलं, घागर उचलायची आहे, की आधी आवळायचं, मग शिंकायचं.

घाईच्या लघवीसाठी सांगितलं, धावू नका. जिथं आहात तिथं थांबा, टेका, पाच-सहा वेळा भराभर आवळा, कळ ओसरू द्या, मग चाला. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. चहा दोनवर, पाणी तहानेप्रमाणे पण घोट घोट दिवसभर. कापड वेळेवर बदलायचं, धुऊन उन्हात वाळवायचं; आडोशाला दमट वाळवलेल्या कापडानं मांड्या सोलवटतात.

फरक दिसायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात, हे मी आधीच बजावते. नाहीतर पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात. तेवढ्यानं भागलं नाही तर गोळ्या आहेत, आत बसवायची रिंग आहे, मूत्रमार्गाला आधार देणारं ऑपरेशन आहे.

तिसऱ्या महिन्यात काकी आल्या. डब्यात दिवसाला आठ चिंचोके आणि दोन-तीन दिवसांत एखादा शेंगदाणा. पुरतं थांबलं नव्हतं. हरिपाठाला जायला लागल्या होत्या, दाराजवळ बसत होत्या. सोबत सून होती, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. व्यायामाचे आकडे तीच मोजायची म्हणे. काकी बाळाला घेऊन बाहेर गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "बाई, शिंकलं की मलापण होतंय. आत्तीस्नी मोजता मोजता मीपण करायला लागलो. चालतंय न्हवं?"

चालतंय, म्हटलं. आणि तिलाही आधी डॉक्टरबाईंकडं पाठवलं.