सकाळी पोट दुखतं, सुट्टीला मात्र ठणठणीत

प्रश्न : ताई, माझा मुलगा सहावीत आहे. हल्ली सकाळी उठला की पोट दुखतं म्हणतो, डॉक्टरांना दाखवलं तर काही निघालं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी एकदम ठणठणीत. खोदून विचारलं तेव्हा कळलं की तो बोलताना अडखळतो ना, त्याची तीन-चार मुलं नक्कल करतात, दप्तर लपवतात. बाई म्हणाल्या, मुलंच ती, चालायचंच. ह्यांचं म्हणणं, तूही एक ठेवून दे. मी त्या मुलांच्या घरी जाऊन बोलू का?
– एक आई

उत्तर : घरी नका जाऊ प्लीज. ते आईवडील आपल्या पोराची बाजू घेणार, भांडण पेटणार आणि दुसऱ्या दिवशी सगळा राग तुमच्या लेकावर निघणार.

आधी एक सांगते, त्याची पोटदुखी नाटक नाहीये. भीतीने खरंच पोट दुखतं, झोप उडते, आणि हे लांबलं तर मूल अभ्यासातून, मित्रांतून बाजूला पडत जातं, काहींना तर त्याचा त्रास मोठेपणीही होतो.

आणि 'चालायचंच' कसं? डॅन ओल्वेयस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, १९७० च्या दशकापासून शाळेत मुलं मुलांना छळतात ह्याच विषयावर काम केलं त्यांनी, छळ ओळखायच्या त्यांनी सांगितलेल्या खुणा सोप्या आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला त्रास होतो तो ताकदीने किंवा संख्येने कमी. तुमच्याकडे तिन्ही आहेत. म्हणूनच 'ठेवून दे' नको, तो एकटा आणि ते तीन-चार, मार तोच खाणार. दोघांना समोर बसवून हात मिळवायला लावणं पण नको, बाईंसमोर तो हो म्हणेल आणि बाहेर पडल्यावर परत तेच.

खरा जोर असतो बघणाऱ्या मुलांत. ती हसतात म्हणून हे चालतं. कॅनडात शाळेच्या मैदानावर शूटिंग करून बघितलं, तर दुसरं मूल मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा छळ १० सेकंदांत थांबला. फिनलंडमधला शाळेतला छळ थांबवण्यासाठीचा 'किवा' कार्यक्रमही बघ्यांवरच भर देतो.

तेव्हा वहीत तारीख, जागा, काय झालं, कोण होतं ते लिहा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी नको. मधल्या सुट्टीत, जिन्यात, बसमध्ये मोठं माणूस कोण असतं ते विचारा, पुढच्या भेटीची तारीख घेऊनच उठा. वर्गातला एखादा चांगला मुलगा त्याच्या शेजारी बसवायला सांगा. घरी रोज उलटतपासणी नको, तो बोलेल तेव्हा ऐका. पण 'मला जगायचंच नाही' असं काही तोंडून आलं तर त्याच दिवशी समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे न्या, शाळेच्या उत्तराची वाट बघत बसू नका.