'अपवादानेच नियम सिद्ध होतो' म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय की 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' ही इंग्रजी म्हण आपण मराठीत 'अपवादानेच नियम सिद्ध होतो' अशी सर्रास वापरतो, पण अपवाद सापडला की नियम मोडायला हवा ना, सिद्ध कसा होईल? आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंना कुणीतरी सांगितलंय की इथे 'प्रूव्ह' म्हणजे सिद्ध करणं नाहीच, पारखणं आहे, तर ते बरोबर का?

ताई, शंका अगदी रास्त आहे. आधी एक पाटी बघू. किराणा दुकानावर 'सोमवारी बंद' असं लिहिलेलं असतं, बाकीचे सहा दिवस उघडं असतं असं कुठेच लिहिलेलं नसतं, तरी आपण बुधवारी पिशवी घेऊन बिनधास्त निघतो. कारण जे दुकान कायमचंच बंद आहे त्यावर कुणी 'सोमवारी बंद' लिहिणार नाही. म्हणजे नियम कुणी सांगितलाच नव्हता, तो आपण अपवादावरून ओळखला. म्हणीचा मूळ अर्थ एवढाच आहे आणि तो पक्का तर्काला धरून आहे.

हा मुद्दा कोर्टातला आहे, तोही रोमच्या. इ.स.पूर्व ५६ मध्ये बाल्बस नावाच्या माणसावर खटला झाला, हा मूळचा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधलं कादिस, आणि पॉम्पे या रोमन सेनापतीने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं ते बेकायदा आहे असा आरोप होता. त्याच्या बाजूने रोमचा नामांकित वक्ता आणि वकील सिसेरो उभा राहिला. त्याने दाखवलं की काही जमातींशी रोमने केलेल्या तहांत 'यांच्यापैकी कुणाला नागरिक करून घेऊ नये' असं स्पष्ट कलम आहे, गादेसच्या तहात ते नाही. आता बघा, जर ते कलम घातल्यामुळे मनाई होते, तर जिथे ते घातलेलंच नाही तिथे परवानगी असलीच पाहिजे! बाल्बस सुटला. याच विचाराचं पुढे कायद्यातलं लॅटिन वचन झालं, 'एक्सेप्शिओ प्रोबात रेगुलम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस', म्हणजे जे वगळलेलं नाही त्याच्यापुरता नियम अपवादाने सिद्ध होतो. बोलीत आल्यावर शेपटीचे शब्द गळाले आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

आता लोक काय करतात, 'आमच्या घराण्यात सगळे उंच' म्हणतात, कुणी म्हणालं की अहो पण तुमचे धाकटे काका तर पाच फूट, की लगेच 'अपवादानेच नियम सिद्ध होतो!' अजिबात होत नाही. काकांना कुणी ठरवून वगळलेलं नाही, ते नियमाविरुद्धचं उदाहरण आहेत आणि त्यांच्यामुळे नियम थोडा लंगडाच पडतो. एक्सेप्शन या शब्दाच्या पोटात 'बाहेर काढून घेणं' आहे, म्हणजे आपलं वगळणं, आणि वगळायला वगळणारा कुणीतरी लागतो.

'प्रूव्ह म्हणजे पारखणं' हे स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं पण ते या म्हणीचं नाही, ते शेजारच्या म्हणीचं आहे. 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' म्हणजे पुडिंगची परीक्षा ते खाऊनच होते, यात प्रूफ म्हणजे खरंच परीक्षा. आणि तेव्हाचं पुडिंग म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं ते कॅरॅमलवालं गोड नव्हे, तर जनावराच्या आतड्यात मांस, चरबी, धान्य भरून उकडलेला प्रकार, आत काय भरलंय, नीट शिजलंय का, हे खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. छापखान्यातलं प्रूफ म्हणजे आधी काढून बघितलेली चाचणीची प्रत, आणि घरी पाव करणारे कोमट पाण्यात साखर घालून यीस्ट टाकतात, फेस आला तर यीस्ट जिवंत, यालाही यीस्ट प्रूफ करणंच म्हणतात. (पुडिंगच्या म्हणीला मराठीत 'शितावरून भाताची परीक्षा' देतात ते मला पटत नाही, तिथे एका शितावरून अख्ख्या भाताचा अंदाज आहे, इथे प्रत्यक्ष खाऊन बघणं आहे.)

मला सगळ्यात आवडतं ते हे की आपल्याकडे या विषयावर फार जुना विचार आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, उदाहरण येतं, ब्राह्मणांना दही द्या, कौण्डिन्याला ताक. कौण्डिन्यही ब्राह्मणच, पण त्याचं नाव वेगळं काढलं की त्याच्या वाट्याचं दही गेलं, बाकी पंगतीचं दही शाबूत. संस्कृत व्याकरणात यालाच उत्सर्ग (म्हणजे सर्वसाधारण नियम) आणि अपवाद म्हणतात, अपवादाचा मुलूख आधी बाजूला काढायचा, उरलेल्या सगळ्यावर उत्सर्गाचं राज्य.

आणि मराठीत तर हे काम एकटा 'मात्र' करतो. स्वयंपाकघरातून 'बाबांना मात्र बिनसाखरेचा' एवढंच ऐकू आलं तरी बाहेर बसलेल्या पाहुण्यांना कळतं की आपला चहा साखरेचा येतोय.

म्हणून मी स्वतः भाषांतर करताना पाटी, करार, नियमावली असं काही असेल तर 'एकाला वगळलं म्हणजे बाकीचे धरले' असं लिहितो, आणि काकांच्या उंचीचा विषय असेल तर सरळ 'एक काका सोडले तर'.