सूर-शंका: दोन दत्ता आणि कागदावरचे गाणे

एन. दत्ता आणि दत्ताराम ही एकाच माणसाची दोन नावे का? आमच्याकडच्या वाद्यवृंदाचे निवेदक दोघांची गाणी सरमिसळ करून सांगतात. (वाचक, डिचोली)

माणसे दोन. दोघेही गोव्याचे, म्हणून गल्लत होते. एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक. सचिनदेव बर्मन यांच्याकडे साहाय्यक होते, १९५५च्या ‘मिलाप’पासून स्वतंत्र झाले. पुढे ‘साधना’ (१९५८), ‘धूल का फूल’ (१९५९), ‘धर्मपुत्र’ (१९६१). गीतकार साहिरच्या धारदार शब्दांना न झाकणारी चाल ही त्यांची ताकद. ‘निंबोणीच्या झाडामागे’ ही त्यांचीच चाल, हे मात्र घरोघरी ती अंगाई म्हणणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

दत्ताराम म्हणजे दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक. तालाची बाजू त्यांच्याकडे. ढोलकावरचा ‘दत्ताराम ठेका’ त्यांच्याच नावाचा. ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) आणि ‘परवरिश’ (१९५८) हे त्यांचे स्वतंत्र चित्रपट. निवेदकांनी एवढे लक्षात ठेवावे: मुकेशचे ‘आँसू भरी हैं’ दत्तारामांचे, महेंद्र कपूरचे ‘सूर तेच छेडिता’ एन. दत्तांचे.

चाल संगीतकाराची, तर मग अरेंजर काय करायचा? गोव्याचेच लोक त्या कामात इतके कसे? (वाचक, फोंडा)

संगीतकार पेटीवर मुखडा-अंतरे ऐकवायचा. गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी ठरली की अरेंजर चाल स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवायचा, कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) बसवायचा, मधले म्युझिक बांधायचा, गाण्याच्या ओळीमागे व्हायोलिनचा ऑब्लिगाटो (चालीला साथ देणारी वेगळी सुरावट) लिहायचा आणि शेवटी वाद्यागणिक वेगळा कागद काढायचा. त्या काळी गायक आणि सगळा ताफा एकदमच वाजवत. एकाची चूक झाली की टेक पुन्हा. म्हणून समोर आलेला कागद पाहताक्षणी वाजवणारे लागत, आणि ते इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत लहानपणीच सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर पाहून म्हणायचा धडा, घोकलेल्या गोंयकारांत मिळत. शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सी. रामचंद्रांकडे ट्रंपेट घेऊन गेलेले हळदोण्याचे चिक चॉकलेट ही ठळक नावे.

हल्ली ‘सगळे अरेंजरनेच केले’ असे म्हणायची टूम आहे. ती पटत नाही. मधले तुकडेही कित्येकदा संगीतकारच गुणगुणून द्यायचा. पण पडद्यावर अरेंजरचे नाव क्वचितच यायचे, ही तक्रार खरी.

जुने गाणे स्वतः उतरवणार असाल तर पहिली चूक बारच्या, म्हणजे कागदावर मात्रांचे गट पाडणाऱ्या, रेघेची होते. केरवा तालाच्या आठ मात्रा. शब्द पाचव्या मात्रेवरून उठला आणि तुम्ही पहिल्याच अक्षरापाशी रेघ मारली, तर सगळा जोर चार मात्रा सरकतो. व्हायोलिन एकीकडे, ढोलक दुसरीकडे. आधी ढोलकाची सम (पहिली मात्रा) पकडा, रेघ तिथे मारा. उठावाच्या मात्रा रेघेआधी अपुऱ्या बारमध्ये लिहा.

पेटी काळी एकमध्ये (सी-शार्प, म्हणजेच डी-फ्लॅट). ट्रंपेट आणि अल्टो सॅक्सोफोनवाल्यांना तोच कागद दिला, तर सगळे बेसूर. का? (वाचक, म्हापसा)

कारण ही वाद्ये कागदावरचा ‘सी’ वाजवतात तेव्हा पेटीचा ‘सी’ निघत नाही. ट्रंपेटवर बी-फ्लॅट निघतो, अल्टोवर ई-फ्लॅट. म्हणून काळी एकच्या मेजर गाण्याला ट्रंपेटचा कागद ई-फ्लॅट मेजरमध्ये (३ फ्लॅट) लिहा, अल्टोचा बी-फ्लॅट मेजरमध्ये (२ फ्लॅट). क्लॅरिनेट बहुधा बी-फ्लॅटचाच असतो, त्याला ट्रंपेटचा कागद चालेल. व्हायोलिनला पेटीचाच सूर लिहा.

एवढे करूनही किंचित खटकले तर पेटी जागच्या जागी जुळवता येत नाही, बाकीच्यांनीच तिच्याशी जुळवायचे. ट्रंपेट तापला की चढतो; मे महिन्यातल्या मांडवात तर हमखास. तेव्हा पाच मिनिटे फुंकून मगच जुळवा. ट्युनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) पाव इंच ओढली तर अर्ध्या सुराचा जेमतेम सातवा हिस्सा उतरतो. त्यामुळे पूर्ण अर्ध्या सुराचा फरक असेल तर स्लाइडच्या नादी लागू नका, कागदच चुकला आहे.