पहिला लाँगबो किती पौंडांचा घ्यावा?

पहिलाच लाँगबो (माणसाएवढं उंच लाकडी धनुष्य) ५० पौंडांचा, म्हणजे दोरी पूर्ण ताणायला ५० पौंड जोर लागेल असा, घेऊ का, असं विचारलंय. नको, २५ ते ३० पौंडांचाच घ्या. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोज' या इंग्रज युद्धनौकेवरची बहुतेक धनुष्यं शंभर पौंडांच्या वरची होती हे खरं, पण ते तिरंदाज पोरवयापासून सराव करत. जड धनुष्याने खांदा दुखावतो, हात थरथरतो आणि लागलेली चुकीची सवय मोडता मोडत नाही.

बाण शेपटाला खरी पिसं लावलेलेच घ्या. लाँगबोवर बाण मुठीवरून घासत जातो. पीस दबतं, कडक प्लास्टिक मात्र बाणाला भरकटवतं.

बाण न लावता दोरी ताणून कधीही सोडू नका, लाकूड तडकतं. सराव संपला की दोरी उतरवा. आणि धनुष्य धरणाऱ्या हाताला चामडी पट्टा हवाच! दोरीचा एक फटका बसला की कोपराजवळ काळंनिळं होतं.