‘तूच शोधलं होतंस ना हे हॉटेल?’

“सात दिवसांची सहल, त्यातले सहा दिवस छान गेले. पण एका दुपारच्या जेवणावरून असं बिनसलं, की परत येऊन महिना झाला तरी फोटो बघावेसे वाटत नाहीत. आमच्यात मुळातच काही बिघडलंय का?” परदेशात सुट्टी घालवून आलेल्या एका जोडप्याचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुट्ट्या संपल्या की अशी जोडपी समुपदेशनाला हमखास येतात.

सहलीचा दुसरा दिवस. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई. रेस्टॉरंट बायकोने निघण्याआधी दोन आठवडे खपून शोधलेलं. ऑर्डर दिल्यावर पन्नास मिनिटं ताटकळले. मुलाची डिश सगळ्यांत शेवटी आली, तीही गार. आजींनी दोन घास खाऊन ताट सरकवलं, मुलाने भोकाड पसरलं आणि नवरा बोलून गेला, “तूच शोधलं होतंस ना हे हॉटेल?” बिल येईपर्यंत टेबलावर शुकशुकाट. रात्री खोलीवर मात्र लग्नापासूनचा हिशेब निघाला.

पहिल्या भेटीत दोघांना वेगवेगळं बसवून फक्त वेळा लिहायला सांगितल्या. कोण काय म्हणालं ते नाही. कोण कधी उठलं, शेवटचं कधी खाल्लं, किती चाललं, टेबलाशी कधी बसलं, ताट कधी आलं, एवढंच. आरोप लिहायला जागाच नसली की दोघांचे कागद बरेच जुळतात. इथेही जुळले. घरच्या आणि तिथल्या घड्याळात सुमारे चार तासांचा फरक, त्यामुळे सगळे पहाटे चारलाच जागे. नाश्ता आठला, मग पायपीट, टेबल मिळालं सव्वादोनला, जेवण आलं तीन वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे मुलाच्या पोटात सात तास काही नव्हतं. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी कोणाचंच जागेवर आलेलं नसतं. जेवण वाफाळतं आलं असतं तरी त्या टेबलावर ठिणगी पडलीच असती.

दुसऱ्या भेटीत बायको म्हणाली, “मलाही ते जेवण आवडलं नव्हतंच.” नवरा बघतच राहिला. रेस्टॉरंट जिने निवडलं तिच्यावर बोट रोखलं गेलं, त्या क्षणी ती त्या रेस्टॉरंटची वकील झाली होती. नाहीतर दोघं एकाच बाजूला होते. त्याचीही बाजू होतीच. आई उपाशी राहिली हे त्याला खुपत होतं, आणि परक्या भाषेत वेटरला बोलवायचा संकोच. वेटरशी बोलायला भाषा नव्हती, बायकोशी बोलायला होती. म्हणून वेटरची तक्रार बायकोच्या पदरात पडली. प्रवासातली बरीच भांडणं अशीच पत्ता चुकलेली असतात.

म्हणून सराव केला तो वेटरशी बोलण्याचा. तक्रार पहिल्या दोन-तीन घासांतच करायची. अर्धं ताट संपल्यावर ऐकणाऱ्यालाही ती खरी वाटत नाही. काय चुकलं आणि काय हवं, दोन्ही सांगायचं: “हे गार आहे, गरम करून द्याल?” फोनवरच्या भाषांतराला अशी छोटी वाक्यं चांगली जमतात; उपरोध तिथे हमखास घोटाळा करतो. ऑर्डर देतानाच किती वेळ लागेल हे विचारायचं आणि मुलाची डिश आधी मागायची. बसून पंधरा मिनिटं झाली तरी ऑर्डर घ्यायला कोणी फिरकलं नाही, तर उठायचं. हे सहलीआधीच ठरलेलं असावं, म्हणजे “आता उठायचं कसं” यावर वेगळी चर्चा झडत नाही. एक अपवाद: कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर संकोच, समजूतदारपणा सगळं बाजूला. लेखी चिठ्ठी दाखवायची आणि उत्तर मोघम आलं तर तिथे खायचंच नाही.

निवडीचा भार वाटून घेणं हा दुसरा बदल. एकाने तीन जागा काढायच्या, दुसऱ्याने त्यातली एक निवडायची. मग ‘तू’ उरत नाही. अनेक देशांत दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणामध्ये स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा ती वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवायची. सहलीत ‘खास’ जेवणं फार तर दोन, तीही तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर. मुलाचा खाऊ पिशवीत, आणि तो भूक लागायच्या आधी द्यायचा. रडू फुटल्यावर मूल खाऊही झिडकारतं.

आणि तरीही जेवण फसलंच तर? तसंच खोलीवर परतायचं नाही. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ६० सेकंद १४ अंशांच्या थंडगार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्या फेरीत तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. पुन्हा कोणती फेरी कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलीच निवडली, कारण तिचा शेवट थोडा सुसह्य होता. फसलेल्या जेवणाचंही असंच. पोटभर काहीतरी साधं खाऊन अर्धा तास फिरून आलं की दिवसाचा शेवट वेगळा होतो. ऑनलाइन रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी लिहावा. या बाईंनी रात्री एकला लिहिला होता आणि त्यातली निम्मी वाक्यं नवऱ्याला उद्देशून होती.

घरच्या टेबलावरही रोज हेच घडत असेल, कोणी दुसऱ्याच्या धाकाने घास गिळत असेल, तर या युक्त्या पुरायच्या नाहीत. तिथे वेगळ्या भेटी लागतात. या घरात तसं नव्हतं. तिसऱ्या भेटीला दोघं पुढच्या सहलीचा कागद घेऊन आले. ‘वेटरशी बोलणं’ यासमोर नवऱ्याचं नाव होतं. खाली आजींनी स्वतः लिहिलेली एक ओळ: मला भूक लागली की मी सांगेन.