लंडनमधल्या जुन्या, कळकट पबमध्ये लोक एवढे का रमतात? नव्याने येणाऱ्याने तिथे जावं का?

तुम्ही शिकायला लंडनला येताय. खोलीच्या खालीच कोपऱ्यावर एक जुनाट पब आहे, रंगाचे पोपडे निघालेत, खिडकीची एक काच पट्टीने चिकटवलेली आहे, आणि तरी संध्याकाळी तो भरलेला दिसतो, म्हणून हा प्रश्न. माझं उत्तर: जरूर जा. पण तिथे काय चांगलं आणि काय वाईट, ते आधी माहीत असलेलं बरं. मी पूर्व लंडनमध्ये अकरा वर्षं राहते, आणि असा एक पब माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे.

आधी इमारतीविषयी. लंडनचे बरेचसे कोपऱ्यावरचे पब व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत. १८९० च्या दशकात ब्रुअरींनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, चढाओढीने पैसा ओतून पब बांधले. महोगनीचे काउंटर, नक्षी कोरलेल्या काचा, भिंतींना चकचकीत टाइल्स. आत लाकडी आडोसे घालून वेगवेगळे कप्पे केलेले असत. मजुरांचा ‘पब्लिक बार’ वेगळा, थोड्या ऐपतदारांचा ‘सलून बार’ वेगळा, दरवाजेसुद्धा वेगळे. पुढे १९६०-७० च्या सुमारास आधुनिकीकरणाची लाट आली आणि हे आडोसे पाडून एकच मोठा हॉल करण्यात आला. ज्यांच्याकडे नूतनीकरणाला पैसा नव्हता, अशा कितीतरी ठिकाणी जुनं तसंच राहिलं. मला या जागांबद्दल जे प्रेम आहे ते इथून सुरू होतं. कळकटपणामुळेच त्या वाचल्या.

आमच्या पबच्या बाजूच्या दाराच्या काचेवर अजून ‘जग अँड बॉटल’ (सुरई आणि बाटली) अशी अक्षरं कोरलेली आहेत. घरी न्यायची बिअर त्या दाराशी मिळायची. बायका, पोरं जग घेऊन यायची. आता ते दार आतून बंद आहे, त्याला टेकून खुर्च्या रचलेल्या असतात. पण दुपारी चारच्या सुमारास ऊन त्या काचेतून येतं आणि अक्षरं उलटी होऊन फरशीवर पडतात. मी कितीतरी वेळा फक्त ते बघायला त्या बाजूला बसले आहे. ब्लूम्सबरीतल्या ‘द लॅम्ब’ पबमध्ये काउंटरवर छोट्या फिरत्या काचांची रांग आहे, तीही एकदा बघाच. काच फिरवून बंद केली की पिणाऱ्याचा चेहरा काउंटरपलीकडच्या माणसाला दिसायचा नाही. प्रतिष्ठितांची सोय!

दुसरी गोष्ट माणसांची. टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही, काउंटरवर जावं लागतं, आणि रांग दिसत नसली तरी कोणाच्या आधी कोण आलं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथे दोन मिनिटं उभं राहिलं की शेजारचा हवापाण्यावर बोलतोच. एकट्या माणसाला या शहरात एवढ्या सहज बोलायला मिळेल अशा जागा फार थोड्या आहेत. माझी पहिली दोन वर्षं फार एकटी गेली. पब चालवणारी बाई मला ‘लव्ह’ म्हणते. इथे सगळ्यांनाच म्हणतात, तरी त्या दिवसांत त्या एका शब्दाचा मला आधार वाटायचा.

आता तोटे, आणि ते किरकोळ नाहीत.

सगळ्यात मोठा तोटा बिअरचाच. हाताच्या पंपाने ओढतात ती पारंपरिक ‘कास्क एल’ पिंपात जिवंत असते, तिच्यातलं यीस्ट काम करत असतं. तळघरात ती ११ ते १३ अंशांवर ठेवतात. ‘इंग्रज गरम बिअर पितात’ हे खरं नाही. पण पिंप उघडलं की आत हवा जाते आणि साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. गिऱ्हाईक कमी असलेल्या पबमध्ये ते पाच-सहा दिवस रेंगाळतं आणि बिअरला व्हिनेगरसारखी आंबट चव येते. त्यात नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत की संपलंच. प्रत्येक पंपाला वेगळं पिंप असतं, म्हणून पंप मोजा. ओस पडलेल्या पबमध्ये सहा पंप चालू असतील तर मी कास्क घेत नाही. दोनच असतील तर निर्धास्तपणे घेते. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली किंवा अजून तयार नाही असं समजा. आंबट लागली तर ग्लास शांतपणे परत न्या. चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून देतात.

स्वच्छतागृह बहुधा अरुंद जिन्याने खाली असतं, थंड आणि ओलसर. व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथे जाताच येत नाही, आणि ‘जुनी इमारत आहे’ म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आली आणि धुराखाली झाकलेला वास वर आला: सांडलेली बिअर, ओला गालिचा, गटार. आमच्याकडे पावसाळी दिवसांत तो आजही येतो.

शाकाहारी असाल तर खायला चिप्सची पाकिटं आणि शेंगदाणे, बस्स. शिवाय कास्क एल नितळ करायला पुष्कळदा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. चालत नसेल तर विचारून घ्या.

आणि बाईमाणसाच्या अनुभवाचं सांगायचं तर, मी पहिल्यांदा एकटी आत गेले तेव्हा सात-आठ माना वळल्या होत्या. पुढे काही झालं नाही, पण ते क्षण जड गेले. दुसऱ्या एका पबमध्ये माझ्या रंगावरून कोणीतरी बोललं आणि काउंटरवरच्या माणसाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिथे मी परत पाऊल ठेवलं नाही. पब कितीही देखणा असो, काउंटरपलीकडचं माणूस कसं आहे यावर सगळं ठरतं.

दुरुस्ती का करत नाहीत, असं तुमच्या मनात येईल. पुष्कळ पब ते चालवणाऱ्यांच्या मालकीचे नसतात. जागा ब्रुअरीची किंवा पब कंपनीची. भाडं द्यायचं, वर बिअरही त्यांच्याकडूनच, बाजारापेक्षा चढ्या दराने घ्यायची. अनेक करारांत छपराची दुरुस्तीसुद्धा भाडेकरूच्याच गळ्यात असते. आमच्या पबच्या बाईने गेल्या हिवाळ्यात छताखाली बादल्या लावून दिवस काढले. तिला आळशी म्हणणारे भेटतात तेव्हा मला राग येतो.

असे पब पाडून फ्लॅट बांधण्याचा मोहही मोठा असतो. किलबर्नजवळचा कार्ल्टन टॅव्हर्न २०१५ मध्ये परवानगी न घेताच पाडला गेला. लोक गप्प बसले नाहीत. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने (तिथल्या पालिकेने) तो होता तसाच पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडला. नन्हेडचा आयव्ही हाउस तर २०१३ मध्ये वस्तीतल्या लोकांनी मिळून विकत घेतला.

तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा शुक्रवार-शनिवार रात्र टाळा. मधल्या वारी चार-पाचला जा, काउंटरजवळ बसा. पीत नसाल तर लाइम-सोडा मागा, कोणी काही म्हणत नाही. कास्क घ्यायची असेल तर आधी घोटभर चाखायला मागा. आमची बाई तो छोटा ग्लास देण्याआधी स्वतः हुंगून बघते, आणि कधीकधी मान हलवून बेसिनमध्ये ओतून टाकते.